पाणसळ

माझ्याकडे ट्रकचे दोन जॅक आहेत,
लार्चच्या लाकडाचे ठोकळे, एक घण,
आणि ही पाणसळ :
काचेच्या नळीत हिरवट पाणी, पाण्यात हवेचा बुडबुडा.
बुडबुडा मधोमध थांबला की घर सरळ
आणि मी चहाला मोकळा.

पूर्वी वर्षाकाठी एखादं घर कलायचं.
यंदा गवतकापणीच्या आधीच अकरा झाली.
स्पिरिदोनच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बटाटा ठेवला
तर तो आपला आपण दाराकडे चालू लागतो.
पोरांसारखाच, म्हणतो स्पिरिदोन,
तोंड याकुत्स्ककडे.

आमच्या मातीखाली बर्फ आहे.
आहे म्हणतो मी, सवयीनं.
चुलत्यानं तळघर खणलं तेव्हा कुऱ्हाडीला ठिणग्या उडत होत्या,
ऑगस्टातही तिथं घोड्याचं मांस दगडासारखं राहायचं.
आता गुडघाभर पाणी,
आणि पाण्यावर तरंगणारा एक बूट, कुणाचा ते कळलेलं नाही.
जिथं छोटं विमान उतरायचं
त्या मैदानावर उंचवटे आलेत,
हिरव्या पांघरुणाखाली गाई बसल्यासारखे.
खऱ्या गाई जुलैत भर दुपारी गोठ्याकडे परतल्या.
जंगल जळत होतं. धुरात त्यांना संध्याकाळ वाटली.

कुन्नेईनं परसात काचघर उभं केलंय,
पाडलेल्या शाळेच्या खिडक्यांचं.
एका काचेवर अजून कुणीतरी खरवडलेलं नाव आहे.
बाहेर पहाटे कडाका, आत काकड्या.
ऊन सरळ आत येतं
आणि परतीची वाट विसरतं.

आभाळाचं पण असंच झालंय, भाची तुस्कुल सांगते.
आठवीत आहे, सगळं माहीत असतं.
मग स्वतःलाच दुरुस्त करते :
अगदी असंच नाही. काच वारा अडवते,
वरचा धूर ऊब अडवतो.
काकडीला काय फरक पडतो, मी विचारतो.
कोणाचा धूर? तर कोळशाचा, तेलाचा, लांबलांबच्या शहरांचा,
आणि मामा, तुझ्या ट्रकचा.
मी गप्प. जॅक काही पाठीवर नेता येत नाहीत.

खूप तापलं की कुन्नेई काचघराचं दार उघडून
खाली वीट लावते.
तुस्कुल त्या विटेकडे बघत राहते.

ऑक्टोबरात तळ्यावर पहिला बर्फ धरला,
काळा, आरपार दिसणारा.
त्यात पांढरे बुडबुडे एकावर एक थिजलेले,
बशांची चळत असावी तसे.
तुस्कुलनं पहारीनं भोक पाडलं, काडी ओढली.
माणसाएवढी ज्वाळा उठली,
माझ्या भुवया गेल्या.
ती नाचत होती, आणि नाचता नाचता सांगत होती :
हे गवत मॅमथनं खायचं राहून गेलं होतं.
हजारो वर्षं गोठून होतं, आता तळाशी कुजतंय,
श्वास सोडतंय.
तो वर जाणार, पांघरूण जाड होणार,
खाली आणखी वितळणार, आणखी श्वास...
मग थांबली. नाचायचीही थांबली.
ज्वाळा भुरभुरत विझली.
भोकातून बुडबुड येत राहिलं, वास नसलेलं.

दुसऱ्यांच्या घरांत मी बुडबुडा मधोमध आणतो.
काल रात्री पहिल्यांदा
पाणसळ आमच्याच टेबलावर ठेवली.
बुडबुडा सरकला, काठाला लागला, तिथंच राहिला.
मी कपाट हलवून पाहिलं.
त्याच्या एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा होता, नीट कापलेला.
त्याखाली जुना पुठ्ठा, पिवळा पडलेला.
त्याखाली आणखी जुना, चहाच्या खोक्याचा,
जो चहा दुकानात यायचा बंद होऊन
सहा वर्षं झाली.

कुन्नेई पलीकडच्या खोलीत काकड्या खारवत होती.
बरणीचं झाकण घट्ट बसल्याचा आवाज आला.
मी पुठ्ठे होते तसेच, होते त्याच क्रमानं
परत ठेवले.